बुटाच्या टाचेने उघडायची रायफल

आजचा भाग एका बिघाडाबद्दल आहे. बिघडली एक रायफल. ती बिघडलीय हे पहिल्या दिवसापासून ज्यांना कळत होतं त्यांचं कुणी ऐकलं नाही, आणि ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनी ती कधी चिखलात चालवलीच नव्हती. नंतर हीच रायफल सेकंडहँड बाजारात आली, लोकांनी घरी नेली, कापली, घासली, ठोकठाक केली, आणि तिथे तिच्यातला एक दुसराच, जास्त भयंकर दोष बाहेर आला.

रायफलीचं नाव रॉस. देश कॅनडा. काळ पहिल्या महायुद्धाचा.

आधी ते दृश्य सांगतो ज्यामुळे ही रायफल बदनाम झाली. एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र शहर. २२ तारखेला संध्याकाळी जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. पश्चिम आघाडीवर इतक्या मोठ्या प्रमाणावर विषारी वायू वापरण्याची ही पहिलीच वेळ. फ्रेंचांची फळी कोलमडली, मोठं खिंडार पडलं, आणि ते बुजवायला शेजारची कॅनेडियन डिव्हिजन पुढे सरकली. या पोरांची ही पहिलीच मोठी लढाई. २४ तारखेला वायू थेट त्यांच्यावर आला. तोंडाला ओली फडकी बांधून ते लढत होते, समोरून जर्मन पायदळ येत होतं, आणि नेमक्या त्या वेळी हातातली रायफल उघडेना. पाच-दहा गोळ्या झाडल्या की बोल्ट जाम. मग रायफल जमिनीवर टेकवून बोल्टच्या दांड्यावर बुटाच्या टाचेने लाथ मारायची, किंवा खंदक खणायच्या हत्याराच्या दांड्याने ठोकायचं, की मग रिकामी पुंगळी बाहेर यायची. एक गोळी, एक लाथ. पुन्हा एक गोळी, पुन्हा एक लाथ.

आजूबाजूला ब्रिटिश सैनिक मरून पडले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या ली-एनफिल्ड रायफली. कॅनेडियन पोरांनी काय केलं असेल? रॉस फेकली आणि मेलेल्याची ली-एनफिल्ड उचलली. ईप्रमधून वाचलेल्या सुमारे ५,००० कॅनेडियन सैनिकांपैकी १,४५२ जणांनी आपली रॉस टाकून दिली होती, हा आकडा या विषयावरच्या जवळपास प्रत्येक लिखाणात सापडतो. जरा विचार करा. आपली रायफल टाकणं हा सैनिकासाठी गुन्हा. दुसरी रायफल उचलायची नाही असा वरून हुकूम होता. तरीही जवळजवळ दर तीन-चार माणसांमागे एकाने हे केलं. सेकंडहँड रायफल म्हणतात ती हीच, आणि तिचा आधीचा मालक बाजूलाच पडलेला.

ली-एनफिल्ड आपल्याला परकी नाही. आपली ‘थ्री-नॉट-थ्री’ ती हीच. पुढे पश्चिम बंगालच्या इशापूरमध्येही ती बनली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं राहिली. २६/११ च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्रीच होत्या. एके-४७ समोर ती म्हातारी दिसली यात नवल नाही. पण १९१५ मध्ये चिखलात, घाईत, घाबरलेल्या हातात चालणारी तिच्यासारखी रायफल क्वचितच होती. आणि हो, त्याच ईप्रच्या मैदानात २६ एप्रिलला हिंदुस्थानी सैन्याची लाहोर डिव्हिजनही उतरली होती. वायूही त्यांनी खाल्ला. जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यावर एक वेगळा भाग होईल, म्हणून इथे थांबतो.

तर प्रश्न असा की कॅनडाने स्वतःच्या पोरांना ही रॉस दिली कशी?

याची सुरुवात बोअर युद्धात आहे. १८९९ ते १९०२ हे युद्ध चालू असताना कॅनडाला ब्रिटनकडून ली-एनफिल्ड हव्या होत्या. ब्रिटनचे कारखाने स्वतःच्याच ऑर्डरीत बुडालेले. ब्रिटिश कंपन्यांनी कॅनडात कारखाना काढावा असा प्रयत्न झाला, तो फसला. साम्राज्याचा भाग असूनही गरजेच्या वेळी रायफल मिळत नाही, ही गोष्ट कॅनडाच्या मनाला लागली. आपणही तंत्रज्ञान मागून ‘नाही’ ऐकलेला देश आहोत, त्यामुळे ही सल आपल्याला चटकन समजावी. म्हणजे कॅनडाने स्वतःची रायफल बनवायचं ठरवलं यात चूक काहीच नव्हती. उलट शहाणपण होतं.

अशा वेळी समोर आले सर चार्ल्स रॉस. स्कॉटलंडमधले बॅरोनेट, प्रचंड जमीनदारी, शिकारीचा शौक, आणि डोकं यंत्रात चालणारं. विशीतच त्यांनी रायफलीचं पेटंट घेतलं होतं. ते म्हणाले, कारखाना माझा, पैसा माझा, तुम्ही फक्त ऑर्डर द्या. १९०३ मध्ये १२,००० रायफलींचा करार झाला. क्वेबेक शहरात कारखाना उभा राहिला.

आता रायफल समजून घेऊ, कारण पुढची सगळी गंमत तिथेच आहे. बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागच्या बाजूची कडी. दाराची कडी जशी असते तशीच. कडी लावली की काडतूस चेंबरमध्ये बंद. गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबाने सगळं मागे उडू नये म्हणून ही कडी नुसती सरकून चालत नाही, ती कुठेतरी अडकावी लागते. ली-एनफिल्डमध्ये दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. चार हालचाली. रॉसमध्ये दोनच: मागे ओढा, पुढे ढकला. दांडा वर-खाली करायचाच नाही. बोल्टची बाहेरची नळी सरळ सरकते आणि तिच्या आतल्या तिरप्या खाचांमुळे पुढचं डोकं आपोआप फिरून आट्यांमध्ये अडकतं. ऐकायलाच किती भारी वाटतं ना? स्पर्धेच्या मैदानावर ते भारी होतंही. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या नेमबाजी स्पर्धांमध्ये रॉसने नाव कमावलं. लांब नळी, उत्तम नेम, वेगवान बोल्ट. स्वच्छ काडतुसं, स्वच्छ गवत, छान हवा, आणि दोन गोळ्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ.

खरं तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. पहिल्या हजार रायफली कॅनडाच्या घोडदळ पोलिसांना १९०५ मध्ये मिळाल्या. १९०६ मध्ये सरावात एकीचा बोल्ट मागे उडाला आणि गोळी झाडणाऱ्याचा एक डोळा गेला. पोलिसांनी त्या रायफली काढून घेतल्या. त्यानंतर रॉस यांनी डिझाइन पुन्हा पुन्हा बदललं. इतक्या आवृत्त्या निघाल्या की आज संग्राहकही त्यात गोंधळतात. १९१० ची मार्क ३ ही ती रायफल जी ईप्रला गेली. पन्नास इंचांहून जास्त लांब. ली-एनफिल्ड तिच्याहून सहा इंच आखूड. अरुंद खंदकात सहा इंच म्हणजे काय, ते गर्दीच्या लोकलमध्ये लांब छत्री घेऊन शिरलेल्या माणसाला विचारा. शिवाय ली-एनफिल्डमध्ये दहा गोळ्या मावायच्या, रॉसमध्ये पाच. आणि रॉसची संगीन गोळी झाडताना कधीकधी आपोआप गळून पडायची. हे विनोदी वाटतं, पण संगीन खाली पडते तेव्हा समोरचा शत्रू थांबत नसतो.

आता आपण फिटर होऊ. गाडी गॅरेजला आली आहे, सुरू होत नाही, आणि मालक म्हणतो ‘पेट्रोल खराब आहे’. चांगला मेकॅनिक काय करतो? मालकाचं ऐकून घेतो आणि मग स्वतः बघतो.

पहिला संशय: काडतूस. रॉसचे समर्थक हेच म्हणत होते, आणि ते अर्धं खरं होतं. काडतुसाची पुंगळी पितळेची. गोळी सुटली की ती फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते, मग थोडी आखडते आणि सुटते. युद्धाच्या घाईत ब्रिटनमध्ये जी काडतुसं बनत होती त्यांची मापं सैल होती, काही थोडी जाडच असायची. ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस, तिला चालून जायचं. रॉसचं चेंबर मात्र नेम चांगला लागावा म्हणून तंग ठेवलेलं, कॅनडाच्या नेटक्या काडतुसांच्या मापाचं. फरक इंचाच्या काही हजाराव्या भागांचा. पण सलग गोळ्या झाडून लोखंड तापलं, त्यात चिखलाचा कण गेला, की तेवढा फरक पुरतो. पुंगळी अडकलीच.

दुसरा संशय: बोल्टची ताकद. बरणीचं झाकण घट्ट बसलं की आपण ते सरळ वर ओढत नाही, फिरवतो. फिरवण्यात जोर वाढतो. ली-एनफिल्डचा दांडा वर उचलताना तेच होतं. हात वर जातो, बोल्ट उतारावरून किंचित मागे सरकतो आणि चिकटलेली पुंगळी सैल होते. नंतर ओढणं सोपं. रॉसमध्ये वर उचलणं काढून टाकलेलं, म्हणजे तो फुकटचा जोरही गेला. सगळा भार सरळ ओढणाऱ्या हातावर. वेग मिळवण्यासाठी जे काढलं, तेच अडचणीत उपयोगी पडणार होतं.

तिसरी गोष्ट मात्र खरी चोर होती, आणि ती सगळ्यात उशिरा सापडली. बोल्ट मागे ओढल्यावर पूर्ण बाहेर येऊ नये म्हणून रायफलीच्या डाव्या बाजूला एक छोटी खिट्टी असते, बोल्ट-स्टॉप. रॉस मार्क ३ मध्ये ती फारच छोटी होती, आणि बोल्ट मागे आला की त्याच्या डोक्यावरच्या आट्यांचा कोपरा नेमका तिच्यावर आपटायचा. लोखंड त्या जागी पुरेसं कडक केलेलं नसलं की कोपरा ठेचला जायचा. सुताराच्या छिन्नीचं डोकं हातोडी खाऊन जसं फुलतं ना, तसं. फुललेला कोपरा पुढच्या वेळी खाचेत शिरेना. म्हणजे बोल्ट बंद व्हायलाही अडायला लागला.

आता हे तिन्ही जोडून बघा. पुंगळी चिकटली, म्हणून सैनिकाने जोर लावला. जोर लावला, म्हणून बोल्ट खिट्टीवर आणखी जोरात आपटला. आपटला, म्हणून कोपरा आणखी ठेचला. ठेचला, म्हणून बोल्ट आणखी जाम. त्यावर लाथ. प्रत्येक लाथेने रायफल थोडी जास्त बिघडत होती. आणि जो अधिकारी मागे छावणीत नवी कोरी रॉस घेऊन दहा गोळ्या झाडायचा, त्याला यातलं काहीच दिसायचं नाही. ‘माझ्याकडे तर नीट चालते’ हे वाक्य ज्यांनी कधी कस्टमर केअरला फोन केलाय त्या सगळ्यांना पाठ असेल.

या सगळ्यात दुरुस्ती अशक्य होती का? अजिबात नाही. चेंबर रीमरने थोडं मोठं करायचं. पलटणीच्या आर्मररांनी, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांनी, ते काम १९१५ मध्येच सुरू केलं. अशा रायफलींवर ‘एल सी’ अशी अक्षरं ठोकलेली सापडतात, म्हणजे मोठं चेंबर. खिट्टी मोठी करायची, बोल्टचं डोकं नीट कडक करायचं. नंतरच्या रायफलींमध्ये तेही झालं. म्हणजे रोग तीन आणि औषधंही तीन, आणि तिन्ही एका वर्कशॉपमध्ये मिळणारी. पण औषध द्यायला आधी रोग आहे हे मान्य करावं लागतं.

आणि इथे येतात सॅम ह्यूज. १९११ पासून कॅनडाचे सैन्यमंत्री. तडफदार, बडबडे, हट्टी. रॉसवर त्यांचं प्रेम होतं, दुसरा शब्द नाही. त्यांच्यासाठी ती कॅनडाची रायफल होती, आणि तिला नावं ठेवणं म्हणजे कॅनडाला नावं ठेवणं. तक्रार आली की उत्तर ठरलेलं: काडतुसं ब्रिटिशांची वाईट, सैनिकांना चालवता येत नाही, अधिकारी ब्रिटिशांचे मिंधे.

आघाडीवर मात्र सैनिकांनी आपलं मत हातांनी दिलं होतं. जून १९१५ पर्यंत ३,००० हून जास्त कॅनेडियन सैनिकांकडे बेकायदा मिळवलेल्या ली-एनफिल्ड होत्या. ब्रिटिश सरसेनापती सर जॉन फ्रेंच यांनी शेवटी जूनमध्ये पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनला अधिकृतपणे ली-एनफिल्ड दिल्या. त्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रायफल तांत्रिकदृष्ट्या दुरुस्त होईलही, पण सैनिकाचा तिच्यावरचा विश्वास उडालाय, आणि तो रीमरने परत येत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. नाही संपली. त्याच वर्षी दुसरी कॅनेडियन डिव्हिजन आली, खांद्यावर रॉस घेऊन. मग तिसरी. चेंबर मोठी केलेली होती, तरी तक्रारी येत राहिल्या. कारण खिट्टी तीच होती!

कॅनेडियन कोअरचे प्रमुख होते जनरल अल्डरसन. ब्रिटिश माणूस, पण कॅनेडियन पोरांची काळजी असलेला. सुरुवातीला, सैनिकांनी ली-एनफिल्ड उचलू नयेत हा हुकूम त्यांचाच होता. अनुभवाने त्यांचं मत बदललं. फेब्रुवारी १९१६ मध्ये त्यांनी ऑटावाला सविस्तर पत्र लिहून रॉसचे दोष मांडले. ह्यूज यांनी मार्चमध्ये त्यांना झोडपणारं उत्तर लिहिलं, आणि एवढ्यावर न थांबता त्या उत्तराच्या २८१ प्रती काढून अल्डरसन यांच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांना पाठवल्या. आजच्या भाषेत, बॉसला शिव्या घालून ती ईमेल अख्ख्या ऑफिसला सीसी केली. युद्ध चालू असताना.

मे १९१६ मध्ये अल्डरसन यांना पदावरून हलवलं गेलं. खरं बोलणारा माणूस आधी गेला, रायफल नंतर. पण त्याच उन्हाळ्यात नवे सरसेनापती हेग यांनी चौकशी करून उरलेल्या कॅनेडियन डिव्हिजनांनाही ली-एनफिल्ड द्यायचा निर्णय लावून धरला आणि सप्टेंबरपर्यंत बदल पूर्ण झाला. नोव्हेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान बोर्डन यांनी ह्यूज यांचा राजीनामा घेतला. त्यामागे इतरही बरीच भांडणं होती, एकटी रॉस नव्हे. मार्च १९१७ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. आणि सर चार्ल्स रॉस? त्यांना १९२० मध्ये २० लाख डॉलर नुकसानभरपाई मिळाली. लाथा मारून रायफल उघडणाऱ्यांना काय मिळालं, ते ईप्रजवळच्या दफनभूमींत दिसतं.

एक गोष्ट मात्र रॉसच्या बाजूने सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. सगळ्यांनी ती टाकली नाही. कॅनेडियन स्नायपरांनी ती मुद्दाम जवळ ठेवली. फ्रान्सिस पेगामागाबो हा ओजिब्वे जमातीतला, म्हणजे कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी एक माणूस, पहिल्या महायुद्धातल्या सर्वांत नावाजलेल्या स्नायपरांपैकी एक. त्याच्या नावावर ३७८ शत्रू मानले जातात, आणि त्याची रायफल रॉस होती. स्नायपर मिनिटाला पंधरा गोळ्या झाडत नाही. तो काडतूस निवडून, पुसून घेतो, एक गोळी झाडतो आणि तासभर गप्प पडून राहतो. त्याच्या हातात नळी तापत नाही, बोल्ट आपटत नाही. म्हणजे ‘रॉस चांगली की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट होता. कुणाच्या हातात, कुठे, किती वेगाने, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता सेकंडहँड बाजार.

एकूण सुमारे ४,२०,००० लष्करी रॉस बनल्या होत्या. एवढ्या रायफली कुठे जातात? काही ब्रिटनमध्ये नव्या भरतीच्या सरावाला गेल्या, म्हणजे चांगल्या ली-एनफिल्ड आघाडीसाठी मोकळ्या झाल्या. २०,००० अमेरिकेने युद्धकाळात सरावासाठी घेतल्या. काही बाल्टिक देशांत पोचल्या. १९४० मध्ये हिटलर इंग्लंडवर उतरणार अशी भीती होती, तेव्हा कॅनडाने पेट्यांतल्या जुन्या रॉस काढून ब्रिटनच्या होमगार्डला पाठवल्या. आणि बाकीच्या स्वस्तात विकल्या गेल्या. कॅनडा-अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी, लाकूडतोड्यांनी, शिकाऱ्यांनी त्या घेतल्या. हरणाच्या मोसमासाठी स्वस्त, भक्कम, नेमाला पक्की रायफल. घरच्या शेडमध्ये व्हाइसला लावून पुढचं जड लाकूड कापून टाकायचं, लांबलचक नळी आखूड करायची, दस्त्याला कानस आणि पॉलिश मारायचं, झाली शिकारीची बंदूक. आज लष्करी रूपातली अखंड रॉस संग्राहकांना महाग पडते, त्याचं एक कारण हे की बऱ्याच जणी अशा शेडमध्ये कापल्या गेल्या.

आणि याच घरगुती खटाटोपात तो दुसरा दोष वर आला. साफसफाईसाठी बोल्ट बाहेर काढायचा, त्याचं डोकं बाहेरच्या नळीतून मोकळं करायचं, पुसायचं, परत बसवायचं. रॉस मार्क ३ मध्ये डोकं परत बसवताना ते चुकीच्या खाचेत बसू शकायचं. जरा जोर लागायचा, पण बसायचं. मग बोल्ट रायफलीत जायचा, बंद व्हायचा, बाहेरून सगळं ठीक दिसायचं, चाप ओढला तर गोळीही सुटायची. फक्त एकच गोष्ट झालेली नसायची: डोकं फिरून आट्यांत अडकलेलं नसायचं. दार लोटलेलं, कडी न लावलेली. गोळी पुढे जायची आणि बोल्ट मागे, थेट गोळी झाडणाऱ्याच्या चेहऱ्यावर. लोकांचे डोळे गेले, गाल-जबडे फुटले, जीवही गेले.

यातला क्रूरपणा बघा. खंदकातला दोष आरडाओरडा करणारा होता. रायफल अडते, सैनिक शिव्या घालतो, सगळ्यांना कळतं. हा दोष गप्प होता. उलट चुकीचा बसवलेला बोल्ट पुढे-मागे करायला मोकळा, कारण काही अडकतच नाही. ज्याने जुनी रायफल घेतली त्याला वाटावं, वा, काय मऊ चालतेय. त्यात सेकंडहँड खरेदीत आधीच्या मालकाने काय उघडलं, काय कसं बसवलं, हे कळायला मार्ग नसतो. सोबत ना मॅन्युअल, ना शिकवणारा हवालदार.

मग जाणकारांमध्ये एक साधी तपासणी रूढ झाली. काडतूस न भरता, नळी सुरक्षित दिशेला धरून, बोल्ट सावकाश बंद करायचा आणि वरून आत बघायचं. शेवटच्या टप्प्यात डोकं फिरताना दिसलं तर ठीक. डोकं न फिरता नुसतं पुढे गेलं तर ती रायफल खाली ठेवायची आणि बंदुकीच्या कारागिराकडे न्यायची. आणि इलाज? एक छोटा रिव्हेट. बोल्टच्या बाहेरच्या नळीत एक रिव्हेट बसवला की डोकं चुकीच्या जागी शिरूच शकत नाही. अशा रिव्हेट मारलेल्या रॉस आजही दिसतात आणि जाणकार खरेदीदार पहिल्यांदा तोच शोधतो. अमेरिकन सैन्यातले शस्त्रतज्ज्ञ ज्युलियन हॅचर यांनी १९४७ च्या आपल्या ‘हॅचर्स नोटबुक’ या पुस्तकात रॉसच्या या भानगडीची दखल घेतली आहे. बोल्ट नीट बसलेला असेल तर ही रायफल कमालीची मजबूत आहे, हेही तिथे येतं. म्हणजे डिझाइन कमकुवत नव्हतं. त्यात चुकायला जागा सोडलेली होती.

जाता जाता एक सूचना, कारण आपले बरेच श्रोते हाताने काहीतरी उघडून बघणारे आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलासुद्धा परवाना लागतो. आजोबांची जुनी बंदूक माळ्यावर सापडली तर यूट्यूब लावून स्क्रू ड्रायव्हर घेऊ नका. तिला हात न लावता आधी पोलीस ठाण्यात कळवा.

रॉसचा शेवटचा मोठा फेरा मला सगळ्यात आवडतो. १९५४ मध्ये व्हेनेझुएलाच्या काराकासमध्ये नेमबाजीची जागतिक स्पर्धा झाली. त्यात धावत्या हरणाच्या लक्ष्यावर नेम धरण्याचा एक प्रकार असतो. लक्ष्य काही सेकंदच दिसतं, आणि झटपट दुसरी गोळी हवी असते. सोव्हिएत संघाच्या नेमबाजांनी त्यासाठी कोणती रायफल निवडली? जुन्या रॉस. रशियन काडतुसाला जुळेल अशी नळी बसवून, कारागिरांनी नव्याने बांधलेल्या. स्वच्छ मैदान, निवडक काडतुसं, आणि दोनच हालचालींचा तो वेगवान बोल्ट, ज्यासाठी सर चार्ल्स रॉस यांनी सगळा अट्टहास केला होता.

पुढच्या भागात लाहोर डिव्हिजन, मीर दस्त, आणि ईप्रचा तोच आठवडा आपल्या सैनिकांच्या बाजूने. तोवर नमस्कार.